प्रोसेसर बदलला, मशीन चालू झालं. सर्व्हर चालू झाला का?

साध्या डेस्कटॉपवर सर्व्हर चालवण्यात काही गैर नाही. सर्व्हर म्हणजे दुसऱ्या मशीनकडून येणाऱ्या मागणीची वाट बघत बसलेला प्रोग्रॅम. वेबसाइट पुरवणारा एनजिनएक्स, डेटाबेस सांभाळणारा पोस्टग्रेएसक्यूएल, साठवलेले व्हिडिओ टीव्हीवर पाठवणारा जेलीफिन, हे सगळे त्याच जातकुळीतले. त्यांना रॅकमधलं जाडजूड यंत्रच लागतं असं नाही. टेबलाखालच्या कॅबिनेटमध्येही ते वर्षानुवर्षं मुकाट काम करतात.

प्रश्न येतो तो त्या कॅबिनेटमधला प्रोसेसर बदलल्यावर. रोजच्या वापरातल्या डेस्कटॉपचा प्रोसेसर बदलला आणि काही बिनसलं, तर ते समोर बसलेल्या माणसाला तिथल्या तिथे दिसतं. सर्व्हरसमोर कोणी बसलेलं नसतं. पंखे फिरतात, दिवा लागतो, लॉगिनची पाटी येते आणि आपण कॅबिनेटचं झाकण लावून मोकळे होतो. त्यानंतर रात्रीचा बॅकअप होत नाही, एखादा कंटेनर (आपल्या वेगळ्या डब्यात चालणारा प्रोग्रॅम) दर मिनिटाला पडून पुन्हा उठत राहतो, किंवा वीज जाऊन आल्यावर मशीन उठतच नाही.

यात दोष बहुधा नव्या प्रोसेसरचा नसतो. मशीनमध्ये ठिकठिकाणी जुन्या प्रोसेसरची आठवण लिहून ठेवलेली असते: बायोसमध्ये (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम), कूटबद्ध डिस्कच्या किल्लीत, नेटवर्क कार्डाच्या नावात, कंपाइल केलेल्या प्रोग्रॅममध्ये, व्हर्च्युअल मशीनच्या (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या मशीनच्या) फाइलीत, लायसन्समध्ये. भाडेकरू बदलला तरी दारावर, लाइट बिलावर, दूधवाल्याच्या वहीत जुनंच नाव राहावं, तसं. प्रोसेसर बसवायला अर्धा तास पुरतो. खरं काम आहे ते ही नावं कुठे कुठे आहेत हे कॅबिनेट उघडण्याआधी शोधायचं.

बायोसपासून सुरुवात

सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा, जुळलं म्हणजे प्रोसेसर चालेल, हा समज सगळ्यात आधी सोडून द्यायला हवा. इंटेलचं एलजीए ११५१ हे सॉकेट सहाव्या-सातव्या पिढीला होतं आणि आठव्या-नवव्या पिढीलाही होतं. नाव एकच, खाच्याही सारख्याच; पण आठव्या पिढीचा प्रोसेसर सातव्या पिढीच्या बोर्डावर चालत नाही. एएमडीचं एएम४ याबाबत बरंच उदार. २०१७ मधल्या पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंत तेच सॉकेट चाललं. पण तिथेही मेख आहे. बोर्डावरचं बायोस जुनं असेल तर त्याला नवा प्रोसेसर ओळखता येत नाही, आणि पडद्यावर काहीच उमटत नाही.

म्हणून बायोस अपडेट करायचं ते जुना प्रोसेसर बसलेला असताना. काही बोर्डांवर प्रोसेसरशिवाय, नुसत्या पेन ड्राइव्हवरून बायोस भरायची सोय असते. आपल्या बोर्डावर ती आहे का, हे जुना प्रोसेसर काढण्याआधी बघावं. काढल्यावर बघून उपयोग नाही.

बायोस अपडेट केलं किंवा प्रोसेसर बदलला की बहुतेक बोर्डांवरच्या सेटिंग्ज मूळपदावर जातात. खेळ खेळणाऱ्याला यातलं एकच लक्षात येतं: रॅमला जास्त वेगाने चालवणारं एक्सएमपी बंद झालं आणि ३२०० वर चालणारी मेमरी २१३३ वर आली. सर्व्हरवाल्याला त्याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी बघायच्या असतात. पहिली, व्हर्च्युअलायझेशन. एएमडीच्या बोर्डांवर त्याला एसव्हीएम म्हणतात, इंटेलच्या बोर्डांवर व्हीटी-एक्स. आणि मूळ सेटिंगमध्ये ते अनेकदा बंद असतं. ते बंद असलं की व्हर्च्युअल मशीन एकतर सुरूच होत नाहीत, किंवा सॉफ्टवेअरने प्रोसेसरची नक्कल करत रांगत चालतात. दुसरी, वीज परत आल्यावर काय करायचं हे ठरवणारी सेटिंग. मूळ पर्याय सहसा 'बंदच राहा' असा असतो. सर्व्हरला 'पुन्हा सुरू हो' किंवा 'आधी होतास तसा हो' हवं. ही चूक वीज जाईपर्यंत उघड होत नाही, आणि तेव्हा आपण मशीनजवळ असूच असं नाही. जुन्या बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवणं हा यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय.

किल्ली प्रोसेसरसोबत जाते

या सगळ्या प्रकरणात डेटा कायमचा गमावण्याची वेळ येऊ शकते ती इथे, म्हणून इथे जरा थांबू.

डिस्क कूटबद्ध असेल तर ती उघडायची किल्ली कुठेतरी ठेवावी लागते. आजच्या डेस्कटॉपमध्ये ते काम टीपीएम करतं. सर्व्हरच्या बोर्डावर टीपीएम ही बहुधा वेगळी चिप असते. डेस्कटॉपवर मात्र ते बहुतेक वेळा फर्मवेअरमधलं, म्हणजे चिपमध्येच भरलेल्या प्रोग्रॅममधलं, टीपीएम असतं. एएमडीकडे एफटीपीएम, इंटेलकडे पीटीटी. एएमडीत त्याच्या गुपितांची नाळ प्रोसेसरशी आणि त्याच्या फर्मवेअरशी जुळलेली असते. प्रोसेसर बदलला की नवा प्रोसेसर ती जुनी गुपितं उघडू शकत नाही. इंटेलच्या डेस्कटॉपवर पीटीटी प्रोसेसरऐवजी बोर्डावरच्या चिपसेटमध्ये असतं.

एएमडीच्या बोर्डावर अशा वेळी काळ्या पडद्यावर सूचना येते: नवा प्रोसेसर दिसतो आहे, एफटीपीएम रीसेट करायचं का, हो की नाही. घाईत माणूस 'हो' दाबतो. एरवी त्यात काही वाईट नाही, कारण तसंही जुन्या किल्ल्या या प्रोसेसरला वाचता येणार नसतातच. पण 'हो' म्हटल्यावर जुना प्रोसेसर परत बसवून जुनी स्थिती आणायचा रस्ताही बंद होतो. विंडोजमध्ये बिटलॉकर लावलेलं असेल तर पुढच्याच पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती की त्याच कूटबद्ध डिस्कवर साठवलेली असेल, तर पुढे काय होणार ते सांगायला नको.

प्रोसेसर काढण्याआधी बिटलॉकर तात्पुरतं स्थगित करावं आणि रिकव्हरी की वेगळ्या ठिकाणी, शक्यतो कागदावर, आहे याची खात्री करावी. स्थगित करणं म्हणजे डिस्क पूर्ण उलगडणं नव्हे. त्यासाठी तासन् तास लागत नाहीत. लिनक्सवर डिस्क कूटबद्ध करणारं लक्स वापरत असाल आणि किल्ली टीपीएममध्ये नोंदवलेली असेल, तर पासफ्रेजची दुसरी नोंद आहे ना, आणि तो पासफ्रेज खरोखर चालतो ना, हे आधी तपासा. सर्व्हर आपोआप बूट व्हावा म्हणून टीपीएम लावलेलं असतं आणि पासफ्रेज तेव्हापासून कोणी टाइपच केलेला नसतो. नवा प्रोसेसर आल्यावर टीपीएमची नोंद नव्याने करावी लागू शकते, नाहीतर मशीन प्रत्येक बूटला पासफ्रेजची वाट बघत अडून बसेल.

मशीन चालू, पण नेटवर्कवर दिसत नाही

पडदा आणि कीबोर्ड न लावता चालणाऱ्या सर्व्हरचा प्रोसेसर बदलल्यावर हा प्रकार हमखास भेटतो. पंखा फिरतोय, डिस्कचा दिवा लुकलुकतोय, पण पिंगला, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून मारलेल्या हाकेला, उत्तर नाही.

कारण पुष्कळदा नावात असतं. पूर्वी लिनक्समध्ये पहिलं नेटवर्क कार्ड म्हणजे 'ईटीएच०'. २०१३ पासून लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीने नवी पद्धत आणली: कार्ड पीसीआय बसवर (बोर्डावरची कार्डं जोडणाऱ्या वाटेवर) जिथे बसलं आहे त्या क्रमांकावरून त्याचं नाव ठरतं, उदाहरणार्थ 'ईएनपी३एस०', म्हणजे तिसरी बस, शून्य क्रमांकाची जागा. नाव दर बूटला बदलू नये हा त्यामागचा उद्देश, आणि तो साधतोही. फक्त बसचे क्रमांक प्रोसेसरच्या आतल्या उपकरणांवरही अवलंबून असतात. आत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर काढून ग्राफिक्स नसलेला बसवला, तर बसची मोजणी सरकू शकते. कालचं 'ईएनपी६एस०' आज 'ईएनपी५एस०' होतं. तुमचा स्थिर आयपी पत्ता जुन्या नावाला चिकटवलेला असतो, ते नाव आता कोणाचंच नसतं आणि कार्ड बिनपत्त्याचं राहतं.

उपाय सोपा आहे, पण आधी करायचा. नेटवर्कची सेटिंग नावाऐवजी कार्डाच्या मॅक पत्त्याला बांधून ठेवा. मॅक पत्ता कार्डाचा असतो. त्याला प्रोसेसरशी देणंघेणं नाही. आणि त्या दिवसापुरता का होईना, एक पडदा आणि कीबोर्ड हाताशी असू द्या.

पीसीआयचे हेच क्रमांक व्हर्च्युअल मशीनमध्ये आणखी घातक ठरू शकतात. ग्राफिक्स कार्ड किंवा यूएसबी कंट्रोलर थेट व्हर्च्युअल मशीनला देऊन टाकलेला असेल, तर तोही क्रमांकानेच दिलेला असतो. क्रमांक सरकल्यावर त्या जागी डिस्कचा कंट्रोलर येऊन बसला, तर ते व्हर्च्युअल मशीन सुरू होताच यजमान सिस्टमच्या हातून तिचीच डिस्क काढून घेईल. म्हणून अशी मशीन पहिल्या बूटला आपोआप सुरू होणार नाहीत, असं आधीच करून ठेवावं.

प्रोग्रॅमला न कळणारी भाषा

इंटेल आणि एएमडीचे डेस्कटॉप प्रोसेसर एकच मूळ भाषा बोलतात, एक्स८६-६४. म्हणून लिनक्स असो वा विंडोज, इंटेलची डिस्क एएमडीला लावली तरी ती बूट होते. विंडोज एक्सपीच्या काळात असं नव्हतं. तेव्हा इंटेलवर तयार केलेली डिस्कची प्रतिमा एएमडीवर टाकली की इंटेलचा पॉवर ड्रायव्हर निळा पडदा दाखवून मोकळा व्हायचा. ते दिवस गेले. (एआरएमचा प्रोसेसर आणत असाल तर मात्र तो बदल नव्हे, नवं घर, सगळे प्रोग्रॅम त्यासाठीचे वेगळे लागतील.)

पण या मूळ भाषेत दर काही वर्षांनी नवे शब्द भरती होत गेले: एसएसई४, एव्हीएक्स, एव्हीएक्स२, एव्हीएक्स-५१२. प्रोग्रॅमने असा शब्द उच्चारला आणि प्रोसेसरला तो येत नसला, तर प्रोसेसर अंदाजाने काही करत नाही. तो काम थांबवतो आणि लिनक्स त्या प्रोग्रॅमला तिथल्या तिथे मारतं. संदेश येतो, 'इललीगल इन्स्ट्रक्शन'. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरमध्ये तोच प्रकार १३२ या एक्झिट कोडने दिसतो. १२८ मध्ये त्या सिग्नलचा क्रमांक ४ मिळवला की १३२ होतात. लॉगमध्ये दुसरं अवाक्षर नसतं, म्हणून हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मोंगोडीबी हा डेटाबेस याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण. त्याच्या ५.० आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, एव्हीएक्स अनिवार्य झालं. आता कोणी म्हणेल, एव्हीएक्स तर २०११ पासून आहे, नव्या प्रोसेसरला काय अडचण? अडचण अशी की इंटेलने आपल्या पेंटियम आणि सेलेरॉन नावाच्या स्वस्त प्रोसेसरांत ते कित्येक पिढ्या बंदच ठेवलं होतं. वीज वाचावी म्हणून कोणी जुना कोअर आय५ काढून त्याच सॉकेटचा सेलेरॉन बसवला, तर सगळं चालेल आणि डेटाबेस तेवढा बंद पडेल. नवं ते वरचढच असणार, हे इथे गृहीत धरता येत नाही.

याहून अवघड प्रकार आपण स्वतः कंपाइल केलेल्या प्रोग्रॅमचा. कंपायलरला 'नेटिव्ह' हा पर्याय दिला की तो समोरच्या प्रोसेसरला जे जे येतं ते सगळं वापरून घेतो. वेग मिळतो, पण प्रोग्रॅम त्या प्रोसेसरला बांधला जातो. इंटेलच्या अकराव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत एव्हीएक्स-५१२ होतं. बाराव्या पिढीत ते अधिकृतपणे बंद झालं. म्हणजे अकरावीवर 'नेटिव्ह' बांधलेला प्रोग्रॅम त्याहून नव्या, त्याहून वेगवान बारावीवर कोसळू शकतो. एएमडीने उलट २०२२ च्या रायझन ७००० मध्ये एव्हीएक्स-५१२ आणलं. प्रोसेसर बदलायचा ठरला की असे हाताने बांधलेले प्रोग्रॅम आठवून त्यांची यादी करावी आणि ते नव्याने बांधून घ्यावेत. जावा किंवा नोडसारख्या मंडळींची चिंता नको. ती सुरू होताना प्रोसेसरला काय येतं ते विचारून मगच कामाला लागतात.

कुठला शब्द कुठे आहे हा गोंधळ कमी करण्यासाठी २०२० मध्ये एक्स८६-६४ चे चार स्तर ठरवले गेले. रेड हॅटच्या आरएचईएल ९ या लिनक्सला दुसरा स्तर लागतो, आरएचईएल १० ला तिसरा, म्हणजे एव्हीएक्स२ सकट. आपला प्रोसेसर कुठल्या स्तरात बसतो हे 'एलएससीपीयू' या आदेशाने दिसणाऱ्या फ्लॅगांच्या यादीवरून कळतं. जुना प्रोसेसर काढण्याआधी ही यादी एका फाइलीत ठेवली, तर नंतर दोन याद्या शेजारी ठेवून काय गेलं ते लगेच सापडतं.

कधीकधी शब्द येत असतो, पण अर्थ चुकतो. जुलै २०१९ मध्ये रायझन ३००० बाजारात आले, तेव्हा अनेकांच्या मशीनवर उबुंटू १९.०४ बूटच होईना. दोष निघाला प्रोसेसरच्या यादृच्छिक आकडा देणाऱ्या आरडीरँड या सूचनेत. ती दरवेळी एकच आकडा देत होती आणि वर 'काम फत्ते' असंही सांगत होती. सिस्टमडी त्या आकड्यावर विसंबलं होतं. उपाय बायोस अपडेटमधून आला. लिनक्स वापरणाऱ्याने बाजारात नुकत्याच आलेल्या पिढीवर पहिल्या महिन्यात उडी घेऊ नये, असं मला वाटतं, त्याचं कारण अशी प्रकरणं. सर्व्हरला नव्याची नवलाई नको असते.

मशीनमधली मशीनं

व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्यांसाठी नियम एकच आणि कडक: प्रोसेसर बदलण्याआधी प्रत्येक व्हर्च्युअल मशीन पूर्ण बंद करा. 'सेव्ह' करून ठेवू नका, 'सस्पेंड' नको, चालू स्थितीचा स्नॅपशॉटही नको. अशा गोठवलेल्या मशीनच्या मेमरीत जुना प्रोसेसर जसाच्या तसा असतो, त्याचे फ्लॅग आणि रजिस्टर सकट. उठल्यावर समोर वेगळाच प्रोसेसर दिसला की ती एकतर उठत नाही किंवा उठून कोसळते.

बंद करून पुन्हा सुरू केलेल्या मशीनला बहुधा काही होत नाही. तिला प्रोसेसरचा कोणता मुखवटा दिला आहे हे तेवढं पाहावं. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्समध्ये 'होस्ट' निवडलं तर आतल्या सिस्टमला खरा प्रोसेसर दिसतो. वेग सर्वाधिक, पण प्रोसेसर बदलला की आतही बदल जाणवतो, आणि आत विंडोज असेल तर तिला पुन्हा ॲक्टिव्हेशन आठवू शकतं. आठव्या आवृत्तीपासून तिथे नव्या मशीनला दुसऱ्या स्तराचा सर्वसाधारण मुखवटा आपोआप मिळतो. तो जवळपास कुठल्याही प्रोसेसरवर सारखाच दिसतो. एकट्या डेस्कटॉपवर मी 'होस्ट'च निवडेन. मशीन इकडून तिकडे चालू स्थितीत हलवायची असतील तेव्हा मुखवट्याचा खरा उपयोग.

इंटेलच्या बाराव्या पिढीपासून आणखी एक गुंता आला. एकाच प्रोसेसरमध्ये दोन प्रकारचे कोअर: वेगवान पी-कोअर आणि काटकसरी ई-कोअर. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या हायपरवायझरला (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) सगळे कोअर सारखेच असावेत अशी अपेक्षा असते. अशा प्रोसेसरवर ते जांभळा पडदा दाखवून थांबतं. बूटच्या वेळी एक पर्याय देऊन ती तपासणी टाळता येते, पण तो अधिकृत रस्ता नव्हे. लिनक्सवर चालणारे हायपरवायझर याबाबत समजूतदार आहेत. कर्नल मात्र नवं हवं, नाहीतर महत्त्वाचं काम ई-कोअरवर जाऊन बसतं आणि तेच काम कधी वेगात तर कधी रेंगाळत होतं.

विंडोज आणि लायसन्स

नुसता प्रोसेसर बदलल्याने विंडोजचं ॲक्टिव्हेशन सहसा जात नाही. मदरबोर्ड बदलला की जातं. सोबत बोर्डही बदलत असाल तर लायसन्स आधी मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून ठेवा. ओईएम प्रकारचं, म्हणजे मशीनसोबतच आलेलं, लायसन्स जुन्या बोर्डासोबतच संपतं.

विंडोज सर्व्हर डेस्कटॉपवर टाकणाऱ्यांना दोन ठिकाणी ठेच लागते. २०१६ च्या आवृत्तीपासून लायसन्स कोअरवर मोजलं जातं, कमीत कमी १६ कोअर. आठ कोअरचा प्रोसेसर काढून सोळाचा बसवला तर काही फरक नाही. २४ कोअरचा बसवला तर वरच्या आठ कोअरचं लायसन्स जास्तीचं घ्यावं लागतं, मग ते आठ कोअर तुम्ही वापरा वा न वापरा. दुसरी ठेच ड्रायव्हरची, बोर्ड बदलल्यास. डेस्कटॉप बोर्डांवर सर्रास असणाऱ्या इंटेल आय२१९-व्ही या नेटवर्क चिपचा अधिकृत ड्रायव्हर विंडोज सर्व्हरसाठी नाही. नवं मशीन चालू होतं आणि नेटवर्कच नसतं. खटपटी करून ड्रायव्हर बसवता येतो. त्यापेक्षा सर्व्हरला मान्य असलेलं वेगळं नेटवर्क कार्ड लावून टाकणं शहाणपणाचं.

साध्या विंडोजवरच सर्व्हर सॉफ्टवेअर चालवत असाल, तर प्रोसेसर कितीही मोठा आणला तरी फाइल शेअरिंग आणि आयआयएसला (विंडोजमधला वेब सर्व्हर) लायसन्सने घातलेली २० उपकरणांची मर्यादा तशीच राहते.

वेग कुठे मिळतो, कुठे मिळत नाही

सहा कोअरऐवजी सोळा आले म्हणून वेबसाइट अडीच पटीने वेगवान होत नाही. कोअर वाढले की एकाच वेळी जास्त लोकांची कामं होतात. एका माणसाचं एक काम लवकर व्हायला एका कोअरचा वेग लागतो. मेमरीत डेटा ठेवणारं रेडिस आपले आदेश एकाच धाग्यावर एकामागोमाग चालवतं. त्याला सोळा कोअर दिले तरी पंधरा जण बघत उभे. पोस्टग्रेएसक्यूएल प्रत्येक जोडणीला वेगळी प्रक्रिया देतं, त्यामुळे गर्दी असेल तर त्याला कोअरचा फायदा होतो. पण एकच मोठी क्वेरी मूळ सेटिंगमध्ये जास्तीत जास्त दोन मदतनीस घेते. तो आकडा आपण वाढवल्याशिवाय वाढत नाही.

इथेही जुन्या प्रोसेसरची आठवण आडवी येते. कोणीतरी कधीतरी एनजिनएक्समध्ये 'कामगार ४' असं लिहून ठेवलेलं असतं, कारण तेव्हा कोअर चार होते. कंटेनरांना ठराविक कोअर नेमून दिलेले असतात. हे आकडे शोधून बदलल्याशिवाय नवा प्रोसेसर अर्धा झोपलेला राहतो. आणि आकडे वाढवले की मेमरीही वाढते. प्रत्येक कामगार आपला वाटा मागतो. प्रोसेसर मोठा आणि रॅम तेवढीच ठेवली, तर मशीन आधीपेक्षा हळू झाल्याचाही अनुभव येऊ शकतो, कारण आता ते रॅममध्ये न मावणारा डेटा डिस्कवर ठेवायला, म्हणजे स्वॅप करायला, लागलेलं असतं.

खरेदीच्या वेळी कोअर आणि गिगाहर्ट्झ सगळेच बघतात. सर्व्हरसाठी त्याइतकीच महत्त्वाची अक्षरं प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी असतात. इंटेलच्या 'एफ' प्रकारात ग्राफिक्स नसतं. जेलीफिन त्याच ग्राफिक्समधलं क्विक सिंक वापरून व्हिडिओ रूपांतरित करत असेल, तर तो भार आता सगळा कोअरवर येईल, आणि चौघांनी एकदम व्हिडिओ लावला की मशीन तापेल. एएमडीकडे उलटा पेच. रायझन ५ ५६०० काढून ५६००जी बसवला की ग्राफिक्स मिळतं, पण पीसीआय एक्सप्रेस चौथ्या पिढीवरून तिसऱ्यावर येतं आणि ईसीसी मेमरीचा आधार जातो. ईसीसी म्हणजे मेमरीतली एका बिटची चूक पकडून दुरुस्त करणारी रॅम. तशी रॅम लावलेली असेल आणि प्रोसेसरला ते जमत नसेल, तर अनेकदा मशीन तक्रार करत नाही. रॅम साधी म्हणून चालत राहते आणि आपण सुरक्षित आहोत अशा समजुतीत राहतो.

पहिले काही आठवडे

बूट झालं, सेवा उठल्या, नेटवर्क मिळालं, की लगेच सगळं सोपवून टाकू नका. आधी रात्रभर रॅम तपासणारी मेमटेस्ट, मग काही तास सगळ्या कोअरवर ताण देणारी चाचणी, तापमानावर नजर ठेवून. डेस्कटॉपचा कूलर थोडा वेळ उसळणाऱ्या भारासाठी निवडलेला असतो. तासन् तास चालणाऱ्या भारात तो पुरतो का, ते आता कळेल. प्रोसेसरची कंपनी बदलली असेल तर मायक्रोकोडचं (प्रोसेसरच्या आतल्या, अपडेट करता येणाऱ्या सूचनांचं) पॅकेजही बदलावं लागतं. इंटेलचं वेगळं, एएमडीचं वेगळं. स्पेक्टर आणि मेल्टडाउन ही २०१८ मध्ये उघड झालेली छिद्रं बुजवण्याचा काही भाग याच मायक्रोकोडमधून येतो, आणि कुठलं छिद्र आपल्याला लागू आहे हे प्रोसेसरवर ठरतं. मेल्टडाउन इंटेलला भोवलं, एएमडीला नाही.

मायक्रोकोड ही केवळ सुरक्षेची बाब नाही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले बरेच डेस्कटॉप प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू खराब होत होते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये इंटेलने त्यावर मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच झालेली हानी मात्र त्याने भरून येत नाही. यातला वापरलेला प्रोसेसर विकत घेऊन चोवीस तास चालणाऱ्या मशीनमध्ये बसवणं मला जुगारासारखं वाटतं.

लॉगमध्ये 'मशीन चेक' किंवा 'एमसीई' ही अक्षरं शोधायची सवय ठेवा. प्रोसेसर किंवा मेमरी स्वतःची चूक तिथे नोंदवते, आणि बऱ्याचदा मशीन कोसळण्याच्या कितीतरी दिवस आधी. एखादी नोंद दिसली की आधी रॅमचा वेग साध्या पातळीवर आणून बघावं. दोष पुष्कळदा प्रोसेसरऐवजी एक्सएमपीच्या ओढाताणीत निघतो.

जुना प्रोसेसर लगेच विकू नका. सर्व्हरवरची काही कामं रोज होत नाहीत. महिनाअखेरचा अहवाल, डेटाबेसची मोठी सफाई, बॅकअपमधून परत आणून बघण्याची चाचणी, एवढी तरी नव्या प्रोसेसरवर एकदा होऊन जाऊ द्या. तोवर तो मूळ प्लास्टिकच्या खोक्यातच ठेवा. एएम४ चा असेल तर विशेष जपा, कारण तिथे पिना सॉकेटला नसून प्रोसेसरला असतात, आणि खणात मोकळा टाकलेला प्रोसेसर पुन्हा बसवताना एखादी तरी वाकलेली निघते.